मागचं-पुढचं

मंगळवारी सकाळी माझा नवरा स्वयंपाकघरात पडला. मी रुग्णवाहिका बोलावली. गुरुवारी डॉक्टरांनी सांगितलं की त्याचा मेंदू थांबला आहे. त्याच्या पाकिटात अवयवदानाचं कार्ड होतं. डॉक्टरांनी मला विचारलं, मी हो म्हणाले. त्याला शस्त्रक्रियेसाठी नेलं. शुक्रवारी मी त्याला पाहिलं तेव्हा तो मेला होता.

सासूबाई तेव्हा आमच्याकडेच होत्या. दर उन्हाळ्यात त्या पुण्याहून वोल्फ्सबुर्गला यायच्या, व्हिसा असायचा तेवढे दिवस राहायच्या आणि परत जायच्या. या वेळी व्हिसाचे बरेच दिवस उरलेले होते. त्यांना कुठे जायचं नव्हतं आणि मलाही. आम्ही दोघी घरात होतो. हायडेलबर्गला शिकणारी माझी मुलगी आली होती. ती मधल्या खोलीत जमिनीवर गादी टाकून झोपत होती, कारण तिच्या जुन्या खोलीत आजी होत्या.

पहिल्या दिवशी सासूबाईंनी मला विचारलं, "काय काय घेतलं?"

मी सांगितलं. मूत्रपिंडं, यकृत, हृदय. त्या मान हलवत होत्या. मग मी म्हणाले, "आणि डोळ्यांवरचा पडदा."

"डोळे?"

"सबंध डोळे नाहीत, आई. वरचा पातळ पडदा असतो तो. कॉर्निआ."

"म्हणजे डोळेच," त्या म्हणाल्या.

मूत्रपिंडांचं त्यांना एवढं वाटलेलं दिसलं नाही. आतलं कुणाला दिसतंय, असं त्या मुलीला म्हणाल्याचं मला नंतर कळलं. पण त्याचे डोळे त्यांच्यासारखे होते. घारे, थोडे बाहेर आलेले. लहानपणापासून सगळे तसं म्हणत.

इथे दहनाला वेळ लागतो. आधी आणखी एक डॉक्टर येऊन देह तपासतो, मग दहनगृहात नंबर लागतो. मधल्या काळात तो अंत्यविधी करणाऱ्या माणसाकडे, इथल्या भाषेत बेस्टाटरकडे, शीतगृहात होता. पुण्याला माझ्या धाकट्या दिरांना हे समजावून सांगणं कठीण गेलं.

"वहिनी, अजून दहनच नाही तर दहावं कुठलं करायचं?" ते फोनवर म्हणाले. "गुरुजी म्हणतात, दहन झालं की कळवा."

"झालं की कळवते."

"तिथले लोक एवढे वक्तशीर म्हणतात आणि माणूस जाळायला तीन आठवडे?"

मी म्हणाले, "हो."

दहन झालं तेव्हा दहावा दिवस केव्हाच उलटून गेला होता. मी दिरांना कळवलं. त्यांनी गुरुजींना विचारून सांगतो म्हटलं. उत्तर आलं ते घरच्या व्हॉट्सॅप ग्रुपवर, एका चित्राच्या रूपात.

चित्राला भगवी पार्श्वभूमी होती. वर कोपऱ्यात समई. मध्ये संस्कृत ओळीचा तुकडा, त्याच्या मागे-पुढे तीन तीन टिंबं, खाली त्या पुराणाचं नाव आणि अध्यायाचा आकडा. त्या पुराणाचं नाव आमच्याकडे घरात घेत नाहीत, कुणी गेल्यावर सुतकात तेवढं ते वाचतात, म्हणून मीही इथे लिहीत नाही. कुठलं ते वाचणाऱ्याला कळेल. तुकड्याखाली मराठीत ठळक अक्षरांत लिहिलं होतं: नेत्र देणारा पुढच्या जन्मी जन्मांध होतो आणि परलोकाच्या वाटेवर त्याला दिसत नाही.

सासूबाईंनी फोन माझ्यासमोर धरला. मी वाचलं. त्यांनी फोन परत घेतला आणि खोलीत गेल्या.

मी दिरांना फोन केला. मी विचारलं, "हे तुम्हाला कुठून मिळालं?"

"आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर आलं होतं. वहिनी, मी काही म्हणत नाही हं. शास्त्र म्हणतं."

"आईंना कशाला दाखवलंत?"

"ग्रुपवर टाकलं. आई ग्रुपवर आहे. तिला काढून टाकू का ग्रुपमधून?"

मी फोन ठेवला. ते वाईट माणूस नाहीत. त्यांचा भाऊ गेला होता आणि ते सहा हजार किलोमीटर लांब होते. काहीतरी करायचं म्हणून त्यांनी ते केलं असावं.

त्या दिवसापासून सासूबाईंनी माझ्याशी बोलणं बंद केलं. भांडल्या नाहीत. जे सांगायचं ते मुलीकरवी सांगायच्या. मुलीला मराठी सगळं समजतं, पण बोलते ती जर्मन. त्यामुळे जेवणाच्या टेबलावर असं व्हायचं:

"तुझ्या आईला सांग, वरणात मीठ नाही."

मुलगी माझ्याकडे वळून जर्मनमध्ये म्हणायची, "मामा, आजी म्हणते आमटीत मीठ कमी आहे."

"तिला सांग, मिठाची बाटली तिच्यासमोरच आहे," मी म्हणायचे, आणि मुलगी म्हणायची, "आजी, तुला ऐकू आलं ना?" तेही जर्मनमध्येच. सासूबाईंना तेवढं जर्मन कळत होतं. मुलगी मला इथल्यासारखं मामा म्हणते हे त्यांना कधीच रुचलं नव्हतं. मामा म्हणजे मामा, आईला कशाला, असं त्या दर वर्षी म्हणायच्या. या वर्षी तेही म्हणाल्या नाहीत.

एकदा मुलीनं मधला निरोप द्यायला नकार दिला. "मी गूगल ट्रान्सलेट नाही," ती म्हणाली. ताट उचलून खोलीत गेली. आम्ही दोघी मिठाच्या बाटलीकडे बघत जेवलो.

पिंडांचं मीच काढलं. म्हटलं, दहन झालं, आता दिरांना दहावं करायला सांगू या. सासूबाई खिडकीकडे तोंड करून बसल्या होत्या. त्या पहिल्यांदा थेट माझ्याशी बोलल्या.

"कुणापुढे ठेवायचा भात? त्याला दिसायचाच नाही."

मग म्हणाल्या, "चाचपडत असेल."

व्हिसा संपला की त्या हे घेऊन पुण्याला जाणार होत्या. त्यांचं वय झालं होतं. पुढच्या उन्हाळ्यात येतील न येतील. उरलेली वर्षं त्या घारे डोळे नसलेला, चाचपडणारा मुलगा बघत बसणार होत्या, आणि त्याला तसं करणारी मी होते. त्याबद्दल माझं काय होईल याचा मी विचार केला नाही. त्या काळात मला स्वतःबद्दल काही वाटत नव्हतं. पण त्या चाचपडत असेल म्हणाल्या तो आवाज मला ऐकू आला होता.

मी पुण्यात संस्कृत घेऊन एम. ए. केलं होतं. लग्नानंतर इथे आल्यावर त्याचा काही उपयोग झाला नाही. गेली बरीच वर्षं मी मोटारींच्या माहितीपुस्तकांची भाषांतरं तपासते. दुसऱ्या कुणी केलेलं भाषांतर माझ्याकडे येतं, मी ते मूळ जर्मनशी ताडून बघते. काम तुकड्यातुकड्यांनी येतं. संगणकावर एका चौकटीत मूळ वाक्य, शेजारच्या चौकटीत भाषांतर. वाक्याच्या वर काय होतं, खाली काय आहे, हे दिसत नाही, आणि चुका बहुतेक त्यातूनच होतात. जर्मनमध्ये कुलूप आणि किल्ला यांना एकच शब्द आहे. एकदा एका भाषांतरात मी वाचलं होतं: गाडी सोडण्यापूर्वी मागच्या दाराचा किल्ला बंद असल्याची खात्री करा. भाषांतर करणाऱ्याचं मराठी, जर्मन काही कच्चं नव्हतं, त्याच्यासमोर फक्त एक शब्द होता. म्हणून माझा नियम आहे. चौकट उघडली की आधी वरची आणि खालची पानं मागवते. ती आली नाहीत तर सही करत नाही.

त्या चित्रात ओळीच्या मागे-पुढे टिंबं होती. मी पानं मागवायचं ठरवलं.

इंटरनेटवर ते पुराण आहे, मला ठाऊक होतं. पण पडद्यावर धाकट्या मुलानं दाखवलेलं आणि पडद्यावर सुनेनं दाखवलेलं यात सासूबाईंनी फरक का करावा? मला छापलेली प्रत हवी होती. शहराच्या वाचनालयात गेले आणि फेर्नलाये भरलं, म्हणजे आपल्या वाचनालयात नसलेलं पुस्तक दुसऱ्या गावाहून मागवायची सोय. काउंटरवरच्या बाईंनी भाषा विचारली. संस्कृत आणि मराठी, मी म्हणाले. त्यांनी मान हलवली, जणू रोज कुणीतरी ते मागतं.

पोथी आली तेव्हा मुलगी हायडेलबर्गला परत गेली होती. करड्या पुठ्ठ्याच्या पेटीत आडव्या आकाराची सुटी पानं, मुंबईत केव्हातरी छापलेली, वर मोठ्या टाइपात संस्कृत, खाली बारीक टाइपात मराठी अर्थ. वर एक चिठ्ठी चिकटवलेली होती. जुनं पुस्तक असल्यानं घरी नेता येणार नाही, इथेच बसून वाचायचं.

मी घरी येऊन सासूबाईंना सांगितलं. मुलगी नव्हती, त्यामुळे थेट सांगावं लागलं.

"आई, ती पोथी आली आहे. पण घरी आणता येत नाही. तिथेच वाचायची, असा नियम आहे."

त्यांनी मान वर केली. "नियम आहे?"

"हो. चिठ्ठी लावली आहे तशी."

"बघ," त्या म्हणाल्या. "या लोकांनाही कळतं. ती पोथी घरात आणू नये."

मी त्यांना जुन्या कागदाचं कारण सांगितलं नाही. त्या उठल्या, हातपाय धुतले, साडी बदलली, वरून माझ्या मुलीचं निळं जॅकेट घातलं आणि दारात येऊन उभ्या राहिल्या.

वाचनकक्षात एक म्हातारे गृहस्थ वर्तमानपत्र वाचत होते. आम्ही कोपऱ्यातल्या टेबलावर बसलो. मी पेटी उघडली. सासूबाईंनी पानांना हात लावला आणि हात कपाळाला नेला. मी तो अध्याय काढला. चित्रातला आकडा बरोबर होता. अध्यायही तोच होता. त्यात कुठलं पाप केलं की पुढच्या जन्मी काय भोगावं लागतं याची ओळीनं यादी आहे. एक चोरी, एक जन्म. दुसरी चोरी, दुसरा जन्म. चित्रातला तुकडा मला सापडला. तोही खरा होता. जन्मांध होतो, असं तिथे होतं. मग मी टिंबांच्या जागी काय आहे त्यावर बोट ठेवलं.

"तुम्हीच वाचा," मी म्हणाले. "खाली मराठी आहे."

त्यांनी चष्मा लावला. त्या बोट फिरवत, ओठ हलवत वाचतात, पूर्वीपासून.

"पुस्तक," त्या म्हणाल्या. "पुस्तक चोरणारा."

"हो."

"पुस्तक चोरणारा जन्मांध होतो." त्यांनी परत वाचलं. वर्तमानपत्रवाल्या गृहस्थांनी आमच्याकडे पाहिलं.

"हळू बोला, आई."

"हळूच बोलते आहे. तो कान देतोय म्हणून त्याला जोरात वाटतंय." त्यांनी वरच्या ओळी वाचल्या, खालच्या ओळी वाचल्या. "डोळ्यांचं?"

"डोळे देण्याचं इथे काही नाही."

"दान?"

"या यादीत दान नाहीच. घेतलेल्याची यादी आहे. न विचारता नेलेल्याची."

"मग धाकट्यानं पाठवलं ते खोटं."

"ओळ खरी आहे. खालचा अर्थ खोटा आहे."

त्यांनी बोट त्या ओळीवरच ठेवलं. माझी मुलगी फोनवर मला म्हणाली होती की त्यापेक्षा त्या ऋषीची गोष्ट सांग ना, ज्यानं देवांना स्वतःची हाडं दिली. ते तर अवयवदानच आहे, गेनाऊ दास, ती म्हणाली, अगदी तेच. मी नाही म्हटलं होतं. ती गोष्ट शस्त्राची आहे, असुराला मारायची आहे. तिला ओढून माझ्या कामाला लावायचं तर मी आणि ते चित्र बनवणारा यांत फरक राहत नव्हता. हे पुराण अवयवदानाच्या बाजूनं नाही आणि विरुद्धही नाही. त्याला ते माहीतच नाही. मला एवढंच दाखवायचं होतं आणि ते दाखवून झालं होतं. मी पानं सारखी करायला लागले.

"थांब," सासूबाई म्हणाल्या. "आता मागचं-पुढचं वाच."

"कुठलं?"

"सगळं. तूच म्हणतेस ना, तुकडा वाचू नये."

"आई, ते ऐकवत नाही. यमाच्या वाटेचं वर्णन आहे, नरकांचं आहे."

"मला मुलगा जळाल्याचं ऐकवलंस. हे ऐकेन."

त्यांनी ते टोचून म्हटलं नाही. मी पहिल्या पानापासून सुरुवात केली.

त्या आठवड्यात आम्ही रोज गेलो. मी सकाळी काम करायचे, दुपारी गाडी काढायचे. काउंटरवरच्या बाई आम्हाला पाहिलं की पेटी आणून द्यायच्या. मी संस्कृत हलक्या आवाजात वाचायचे, मग मराठी. त्या पुराणात जे आहे ते आहे. तापलेली वाळू आहे, नदी आहे, कुत्री आहेत. वाचताना माझा आवाज गाड्यांच्या ब्रेकबद्दल वाचावं तसा होता, हे मला जाणवत होतं आणि मी तो बदलू शकत नव्हते. सासूबाई हात मांडीवर ठेवून ऐकायच्या. मध्येच म्हणायच्या, "हे कुणासाठी आहे?" मी वर बघून सांगायचे, पाप्यासाठी, दान न करणाऱ्यासाठी. "मग आपल्याला नाही," त्या म्हणायच्या. "पुढे." प्रत्येक ठिकाणी त्या विचारत होत्या, कोण बोलतंय, कुणाबद्दल. माझं काम त्या माझ्यापेक्षा चोख करत होत्या.

मग पिंडांचा भाग आला. मला तो पूर्वी माहीत असावा, पण मी विसरले होते. माणूस गेल्यावर त्याचा जुना देह संपतो, आणि दहा दिवसांच्या दहा पिंडांनी त्याला वाटेवरचा नवा देह मिळतो, थोडा थोडा करून. पहिल्या पिंडानं डोकं. दुसऱ्यानं कान, डोळे, नाक. असं करत करत पाय, आणि शेवटच्या पिंडानं तहान आणि भूक.

सासूबाई बोटांवर मोजत होत्या. दुसऱ्या बोटाशी थांबल्या.

"परत वाच."

मी परत वाचलं.

"म्हणजे जुने डोळे तिकडे लागतच नाहीत."

"असं लिहिलं आहे."

"डॉक्टरनं घेतले काय, न घेतले काय."

"हो."

"आणि नवे दुसऱ्या दिवशी येतात. पिंड दिला तर."

"हो."

"आणि आपण दिलाच नाही."

मी त्यांना एका खोट्या वाक्यातून बाहेर काढायला इथे आणलं होतं. आणि आता त्या एका खऱ्या वाक्यापाशी येऊन बसल्या होत्या, जे त्याहून वाईट होतं. टिंबं काढून टाकली की मागचं-पुढचं सगळंच येतं, आपल्याला हवं तेवढं नाही. गृहस्थांनी वर्तमानपत्राचं पान उलटलं. मला वाटलं की आता त्या रडतील, आणि मी त्यांना या खोलीतून कशी बाहेर नेऊ.

त्या रडल्या नाहीत. त्यांनी चष्मा काढला, पदरानं पुसला.

"म्हणजे त्याचे डोळे कुणी नेले नाहीत," त्या म्हणाल्या. "आपल्याकडून द्यायचे राहिलेत."

"तसं म्हणता येईल."

"राहिलेलं देता येतं का, बघ. आणि कोण देऊ शकतं तेही. त्याला मुलगा नाही."

दुसरं लवकर सापडलं. मुलगा नसेल तर पत्नीनं करावं, मग पुढे भाऊ वगैरे. सासूबाईंनी तिथे बोट ठेवून दोनदा वाचलं. "धाकटा तुझ्या नंतर आहे," त्या म्हणाल्या. त्यांना ते आवडलेलं दिसलं.

पहिलं सापडायला दोन दिवस गेले. दूर देशी गेलेला, देहच न मिळालेला, अशा माणसाचं त्या पोथीत आहे. पळसाची पानं आणि नारळ घेऊन त्याचा देह करायचा, आणि मग पुढचं सगळं. पण शीतगृह, दुसरा डॉक्टर, दहनगृहाचा नंबर, असं काही नव्हतं.

"नक्की आपल्यासारखं नाही, आई. जवळचं आहे."

"काय जवळचं?"

"देह नसला तरी उशिरानं करता येतं, असं. आपल्याकडे देह होता. उशीर वेगळ्या कारणानं झाला."

"जवळचं चालेल," सासूबाई म्हणाल्या.

कामात असतं तर मी तिथे लाल खूण केली असती. नियम एका गोष्टीसाठी आहे, तुम्ही तो दुसऱ्या गोष्टीला लावता आहात, असा शेरा लिहून परत पाठवलं असतं. पण त्यांना मी जसं आहे तसं सांगितलं होतं. निर्णय त्यांनी घेतला. मी पेटी बंद केली.

गाडीत त्या म्हणाल्या, "तुझा यावर विश्वास आहे का?"

"नाही."

"काहीच नाही?"

"मला सध्या कशाबद्दलच काही वाटत नाही, आई."

त्यांनी पट्टा ओढून लावला. त्यांना तो लावायला नेहमी वेळ लागतो. "श्रद्धेनं करतात ते श्राद्ध," त्या म्हणाल्या. "हे तुझ्या पोथीत बघायची गरज नाही, मला माहीत आहे."

"मग मी कसं करू?"

"तू भात शिजव. बाकीचं मी बघते."

मुलगी शनिवारी आली. आम्ही दहाही पिंड एका दिवशी करायचं ठरवलं, तशी रीत आहे. तीळ घरात होते. दर्भ नव्हता. मुलीनं इंटरनेटवर शोधून सांगितलं की इथल्या बागांमध्ये तसलं एक गवत लावतात. सासूबाईंनी तिला विचारलं, ते दर्भ आहे का. मुलगी म्हणाली, "नाइन, नाही, पण जवळचं." सासूबाई हसल्या. कित्येक आठवड्यांत पहिल्यांदा.

आम्ही शहराबाहेर नदी आहे तिथे गेलो. नदी लहान आहे, काठाला गवत आणि बाक आहे. पायवाटेवर एक पाटी होती.

"काय म्हणते ती?" सासूबाईंनी विचारलं.

मुलीनं वाचून दाखवलं. मी मराठीत सांगितलं. "पक्ष्यांना खायला घालू नये."

"आपण पक्ष्यांना नाही घालत," सासूबाई म्हणाल्या आणि पुढे चालू लागल्या.

त्या बाकावर बसल्या, मी गवतात. मी जे वाचायचं ते वाचत होते आणि भाताचे गोळे ठेवत होते. नाव, गोत्र त्या सांगत होत्या. मला गोत्र आठवेना, माझं स्वतःचं झालेलं इतकी वर्षं. पहिला गोळा ठेवला. दुसरा हातात घेतला तेव्हा त्या बाकावरून उठल्या, गुडघ्यांवर हात ठेवत माझ्याशेजारी खाली बसल्या आणि माझ्या हाताखाली हात धरला. दोघींनी मिळून तो ठेवला.

"दिसतंय का रे," त्या म्हणाल्या.

मुलगी मागे वळली आणि नदीकडे बघत राहिली. मला त्या वेळी काही वाटलं नाही. भात बोटांना चिकटला होता, एवढं आठवतं. मी तिसरा गोळा घेतला.

कावळा आला नाही. आम्ही थोडं लांब जाऊन उभ्या राहिलो तर काठावरून बदकं आली, चार-पाच, आणि त्यांनी सगळं खाऊन टाकलं.

"पोथीत बदकांचं काय आहे?" सासूबाईंनी विचारलं.

"बदकांचं मला कुठे दिसलं नाही."

"नाही म्हणत नाही ना?"

"नाही."

"मग चालेल."

गाडीत बसेपर्यंत त्यांनी एकदाही मागे पाहिलं नाही. घरी आल्यावर त्यांनी अंघोळ केली, जेवल्या आणि झोपल्या. संध्याकाळी उठून मला म्हणाल्या, "अगं, धाकट्याला फोन लाव."

फोन मी लावून दिला. त्यांनी दिरांना सांगितलं की जिथे ते चित्र टाकलंस तिथेच लिही, ही ओळ पुस्तक चोरणाऱ्याची आहे. मग दीर म्हणाले, "आई, लोक हसतील."

"हसू देत. लिही."

त्यांनी लिहिलं. सोसायटीच्या ग्रुपवर तिघांनी हात जोडल्याची चित्रं टाकली. दिवाळीच्या सुमारास तेच चित्र, तीच समई, तीच टिंबं, दुसऱ्या कुणाकडून आमच्या घरच्या ग्रुपवर परत आलं. खाली कुणी काही लिहिलं नाही. दिरांनी मला वेगळा मेसेज केला, "वहिनी, हे मी नाही."

सासूबाई दिवाळीच्या आधीच, व्हिसा संपला तेव्हा गेल्या. विमानतळावर सामान देताना त्यांनी मला सांगितलं की वाचनालयातल्या त्या बाईला काहीतरी गोड नेऊन दे. मी शेंगदाण्याचे लाडू नेले. बाईंनी विचारलं, पेटी परत पाठवू का? मी हो म्हणाले.

माझ्या नवऱ्याची राख इथल्या दफनभूमीत एका बीचच्या झाडाखाली पुरली आहे. घरी ठेवायला कायद्यानं परवानगी नाही. सासूबाई पुण्याला आहेत. रविवारी फोन करतात, काय जेवलीस विचारतात. मुलगी हायडेलबर्गला आहे. मी सकाळी भाषांतरं तपासते. दुपारी जेवते. घरात एक माणूस राहतो, ती मी.